‘नुकतंच पासिंग केलंय’ : जुनी व्हॅन घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

जुनी व्हॅन घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा एकच वाक्य पडतं : “दादा, नुकतंच पासिंग केलंय.” हे ऐकल्यावर नवशिक्याने समाधानाने मान डोलवावी आणि खिशातली टोकनची रक्कम चाचपावी, अशी प्रथा आहे. प्रथा मोडण्याचा आमचा विचार नाही. तो कार्यक्रम फक्त तासभर पुढे ढकलावा, एवढ्यासाठी ही मार्गदर्शिका.

आधी विषयाची ओळख. व्हॅन म्हणजे इथे मारुतीची ओम्नी, नाहीतर तिची धाकटी बहीण ईको. ओम्नी १९८४ साली नुसती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८ मध्ये तिचं बारसं झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, कारण अपघात-सुरक्षेच्या नव्या नियमांत ती बसणं शक्य नव्हतं. पुढे बॉनेट असं काही नाहीच. चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा आणि देवाचा स्टिकर. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. एवढ्या भांडवलावर तिने पस्तीस वर्षं शाळेची मुलं, वऱ्हाडी, दुधाचे कॅन, रुग्ण आणि हिंदी सिनेमातले अपहृत उद्योगपती वाहून नेले. ईको २०१० सालची. तिचं सुरुवातीचं इंजिन ११९६ सीसीचं. जागा तीच, सीटखाली.

आता गाडीकडे बघण्याआधी नंबरप्लेट बघा. पांढरी असेल तर गाडी खासगी. तिची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे चौदा वर्षांच्या पांढऱ्या पाटीच्या ओम्नीचं पासिंग झालंय असं कुणी सांगितलं, तर तो खोटं बोलत नाहीये. झालंय. शोरूममधून बाहेर पडताना झालंय. पाटी पिवळी असेल तर गाडी धंद्याची. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठच्या पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. यालाच आपण पासिंग म्हणतो. पाटी पांढरी आणि काम पिवळं, असा तिसरा प्रकारही आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्याला वडाप म्हणतात. अशा गाडीने धंद्याच्या गाडीइतके किलोमीटर खाल्लेले असतात आणि तपासणी मात्र खासगी गाडीइतकीच झालेली असते. शक्यतो हा प्रकार टाळा. टाळता येत नसेल, तर निदान किंमत तरी पांढऱ्या पाटीची देऊ नका.

पासिंगची तयारी

हा भाग खरं तर विकणाऱ्याच्या अभ्यासक्रमातला. पण घेणाऱ्यालाही तो पाठ हवा.

शाळा तपासणीच्या दिवशी मुलांची नखं कापलेली असतात आणि एरवी कुलूपबंद असलेली प्रयोगशाळा उघडी असते. पासिंगच्या दिवशी व्हॅनचं तसंच असतं. गोटा झालेले टायर उतरवून नक्षी असलेले चार टायर चढवावेत. ते विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या गॅरेजमधून अर्ध्या दिवसापुरते मिळतात आणि संध्याकाळी परत जातात. अग्निशामक नळकांडं आणि प्रथमोपचार पेटी यांनाही असंच फिरतीचं आयुष्य असतं. त्या पेटीतल्या औषधाचं झाकण आजवर कुणी उघडलेलं नाही. वायपरला नवं रबर, मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप, हॉर्नची वायर पुन्हा जोडलेली. हेडलाइटच्या मागे गंजलेला रिफ्लेक्टर असेल तर तो तसाच राहू द्यावा आणि बल्ब तेवढा नवा घालावा. बाकीचं एजंट बघतो. एजंट काय बघतो, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तर तो म्हणतो, “तुम्ही कशाला टेन्शन घेता?”

आता या ज्ञानाचा उलटा उपयोग. सर्टिफिकेटवरची तारीख बघा आणि मग टायरपाशी उकिडवे बसा. टायरच्या बाजूला लंबवर्तुळात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खोल चरांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली, की १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर कायद्याने बाद. पासिंग गेल्या महिन्यातलं आणि टायर त्या उंचवट्यांच्याही खाली गेलेला, असं दिसलं तर एक गोष्ट पक्की समजा : परीक्षेला दुसरेच टायर बसले होते. आणि टायर जर दुसरे होते, तर आणखी काय काय दुसरं होतं, हा पुढचा प्रश्न. तो मालकाला विचारू नका. मनात ठेवा आणि किमतीच्या वेळी बाहेर काढा.

परीक्षा आणि परीक्षक

पूर्वी परीक्षक म्हणजे मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे साहेब. साहेबांसमोर गाड्यांची रांग, वर ऊन, हातात फाइल. दिवे लाव, हॉर्न वाजव, वायपर फिरव, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा दाखव, निघ. ब्रेक तपासायचे म्हणजे गाडी चालवून बघायची, आणि चालवायला जागाच नाही, अशी परिस्थिती कित्येक कार्यालयांत होती. शेवटी प्रकरण जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २५० मीटरचा ट्रॅक असल्याशिवाय फिटनेस देऊ नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. गाडी थांबते का हे बघायला ती आधी पळवावी लागते, ही गोष्ट राज्याला न्यायालयाकडून कळली, याचं नवशिक्याने फार आश्चर्य करू नये.

आता यंत्रं आली आहेत. २०२१ सालच्या केंद्राच्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची चौकट घालून दिली. जिथे केंद्र आहे तिथे यंत्र, जिथे नाही तिथे साहेब. यंत्राबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे आणि तो का आहे ते सांगतो.

ब्रेकची चाचणी घ्या. जमिनीत बसवलेल्या रोलरवर व्हॅनची दोन चाकं उभी करतात. रोलर चाकांना फिरवतो, चालक हळूहळू ब्रेक दाबतो आणि पडद्यावर डाव्या-उजव्या चाकाचे आकडे वेगवेगळे चढत जातात. जुन्या ओम्नीचा मागचा एक व्हील सिलिंडर पाझरत असतो. ब्रेक ऑइल ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजतो आणि ते चाक धरत नाही. रस्त्यावर चालकाला हे जाणवतंच असं नाही, कारण पुढची चाकं बहुतेक काम करतात. पावसात जोराचा ब्रेक मारल्यावर गाडीचा मागचा भाग एका बाजूला जातो, तेव्हा कळतं. रोलरवर मात्र एका चाकाचा आकडा चढतो आणि दुसऱ्याचा तिथेच लोळत राहतो. पडद्याला ओळखपाळख नसते. चहा तर तो पीतच नाही.

तशीच जमिनीतली हलणारी प्लेट. चाक तिच्यावर ठेवलं की प्लेट आडवी-उभी झटके देते आणि खाली खड्ड्यात उभा असलेला माणूस बॅटरी मारून बॉल जॉइंट, स्टेअरिंगचे एंड, बुश बघतो. ज्या जॉइंटला प्ले आहे तो तिथे उघडपणे हलतो. पुढचं चाक सरळ चालतं की बाजूला घसरत जातं, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, स्पीडोमीटर खरं बोलतो का, धुरात काय आहे, हे सगळं मोजलं जातं. या बाबतीत यंत्राच्या कागदावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणून मालकाकडे नुसतं सर्टिफिकेट मागू नका, चाचणीचा अहवाल मागा. अहवाल मागणारा गिऱ्हाईक विकणाऱ्याला क्वचितच भेटतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याचंही निरीक्षण होऊन जातं.

मग अडचण काय? अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली तारखेची. तेलात भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, सँडपेपरने घासून परत बसवला की त्या सकाळी तो छान धरतो. सिलिंडर मात्र पाझरतच असतो. काही आठवड्यांत लायनर पुन्हा भिजतो. सर्टिफिकेट अजून दहा-अकरा महिने कोरडंच असतं. शिवाय रोलरवर व्हॅन रिकामी असते. तिच्यात मुलं नसतात, दप्तरं नसतात, वर कॅरिअरला बांधलेलं काही नसतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि तिच्याकडे नवशिक्यांचं लक्षच जात नाही. पासिंगची चाचणी गाडी थांबते का हे विचारते. दिसते का, वळते का, धूर किती मारते, हेही विचारते. ती सकाळी चालू होते का, हे विचारत नाही. कसाऱ्याच्या घाटात पाणी उकळतं का, क्लच किती उरलाय, इंजिन ऑइल खातं का, याच्याशी चाचणीला कर्तव्य नाही आणि असूही नये. ती रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी आहे, तुमच्या खिशासाठी नाही. ‘पासिंग झालंय म्हणजे गाडी चांगली आहे’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं. बोलणारा प्रामाणिक असला तरी चुकीचं.

खिशाचा विभाग

तो आता तुम्ही स्वतः बघायचा. सोबत मिस्त्री न्या. मिस्त्री गाडीपेक्षा मालकाच्या ओळखीचा निघाला, तर दुसरा न्या.

दुसऱ्या गाड्यांत लोक बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे का बघतात. इथे पुढच्या सीटवर हात ठेवायचा. सीट कोमट लागली तर तुम्ही येण्याआधी गाडी गरम करून ठेवलेली आहे, कारण गार असताना ती काहीतरी बोलते आणि ते तुम्ही ऐकू नये अशी इच्छा आहे. अशा वेळी “उद्या सकाळी सहाला येतो” म्हणावं. सीट उचला. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर बहुधा पाणी ऑइलमध्ये शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय. डॅशबोर्डखाली मूळ गाडीत नसलेलं एक बटण सापडेल. “हे काय?” तर “फॅन डायरेक्ट केलाय.” म्हणजे तापमान ओळखून फॅन आपोआप सुरू करणारा स्विच मेला आणि ते काम चालकाच्या स्मरणशक्तीकडे आलं. थर्मोस्टॅटची चौकशी केलीत तर “तो काढून टाकलाय, त्याची काही गरज नसते” असं उत्तर मिळेल. कंपनीने तो कशासाठी बसवला होता, यावर मालकाशी वाद घालू नका. पण ही दोन उत्तरं एकाच गाडीत मिळाली, तर ती घाटात किमान एकदा तरी उकळलेली आहे, अशी नोंद करा.

नंतर सरकतं दार. जुन्या व्हॅनचं खरं चरित्र तिथे लिहिलेलं असतं आणि ते कुणी पुसत नाही. दार पूर्ण मागे सारा आणि खालच्या पट्टीत डोकवा. चॉकलेटचे कागद, पेन्सिलीचे तुकडे निघाले तर शाळेची व्हॅन. गुटख्याच्या पुड्या आणि वाळू निघाली तर वडाप. तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या निघाल्या तर लग्नसराई. याच पट्टीवर दाराचा खालचा रोलर चालतो. तो झिजला की दार खाली बसतं आणि बंद करताना एका हाताने उचलून, दुसऱ्याने ढकलून, वर खांद्याचा धक्का द्यावा लागतो. मालक हे इतक्या सफाईने करतो की तुम्हाला ती त्याची लकब वाटते. म्हणून दार स्वतः लावून बघा. लावताना ज्या ठिकाणी ते अडकतं, तिथल्या पट्टीखालच्या पत्र्यावर अंगठा दाबा. पत्रा कुरकुरला तर गंज आतून आला आहे.

गंजाचं काम नीट करा. व्हॅनचे सगळे आजार एकवेळ पैशाने बरे होतात, हा होत नाही. मॅट उचला, मागच्या चाकांवरच्या कमानी बघा, बॅटरीखालची जागा बघा, पायदान बघा. वरून रंग झकास असेल आणि तरी संशय असेल, तर साधा लोहचुंबक कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या बाजूने फिरवा. पत्र्याला तो घट्ट चिकटतो, लांबी भरलेल्या जागी सुटतो. लहानसा डाग असेल तर माफ. चुंबक वीतभर अंतरात कुठेच चिकटला नाही, तर तुम्ही गाडी नाही, पुतळा घेताय. नवं काळं अंडरकोटिंग दिसलं तर बोटाने खरवडा. मालक “अहो, कालच मारलंय!” असं ओरडेल. तीच माहिती हवी होती.

आता खाली वाका आणि ओम्नीचे मागचे पाटे मोजा. दोन्ही बाजूंचे. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा कमी गंजलेला, जरा वेगळ्या जाडीचा दिसला, तर तो नंतर वाढवलेला आहे. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर कंपनीने ठरवलेली माणसं नीट बसत होती. जादा पाटा घालायला लागला म्हणजे जादा माणसं होती. मग मीटर चाळीस हजार दाखवो की साठ, त्याच्याकडे बघू नका. मीटरची केबल काढता येते, ब्रेक पेडलच्या रबराची झीज परत भरता येत नाही. रबर कोरं करकरीत असेल तर आणखी वाईट. ते बदलण्याची वेळ आली होती, असा त्याचा अर्थ.

चालवताना फार वेळ लागत नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज आला, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलाय. खर्च किरकोळ, तोडून घ्या. रस्त्यावर वेग वाढला की मागून शिट्टीसारखा सूर निघतो आणि अॅक्सिलरेटर सोडला की सूर बदलतो, तर डिफरन्शिअल. तो किरकोळ नाही. गिअर टाकताना दांडा चारी दिशांना फिरवून गिअर शोधावा लागत असेल, तर घाबरू नका. गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे, मधल्या लांबलचक लिंकेजचे बुश झिजतात, ते स्वस्तात बदलतात. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला, मागे कुणी नाही हे बघून, स्टेअरिंग हलकं धरून एकदा ठाम ब्रेक मारा. त्या वेगात व्हॅन सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापत असते. ती कुठल्या बाजूला ओढते, हे लक्षात ठेवा. अहवालातल्या आकड्यांशी जुळतंय का बघा.

धूर आणि गॅस

पीयूसीबद्दल एकच सांगतो. सायलेन्सरला मध्येच भोक असेल तर बाहेरची हवा आत मिसळते आणि नळी कार्बन मोनॉक्साइड कमी दाखवते. म्हणजे गाडी जितकी सडकी, तितकी ती स्वच्छ. म्हणून तपासणाऱ्याने नळी घालण्याआधी सायलेन्सर गळतोय का ते बघायला हवं, असा संकेत आहे. तो संकेत पीयूसीच्या टपरीपर्यंत पोचला असेल, असं समजून चालू नका. टोकाला क्षणभर कापड दाबून धरा आणि मध्ये कुठे फुसफुसतंय ते ऐका.

गॅसवर मात्र विनोद नाही. व्हॅन सीएनजीवर असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी व्हावी लागते. आत २०० बारचा दाब असतो आणि टाकी मागच्या सीटच्या पाठीला असते, जिथे मुलं बसतात. मालकाने दाखवलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर टाकीच्या मानेवर ठोकलेल्या नंबरशी जुळला पाहिजे. त्यासाठी आडवं होऊन, मोबाइलचा दिवा मारून, धूळ पुसून तो एकेक आकडा वाचावा लागतो. वाचा. नंबरवर रंग मारलेला असेल तर रंग खरवडायला सांगा, नाही म्हणाला तर निघा. गॅसची नोंद आरसीवर नसेल तर निघा. आणि मागच्या डिकीत घरगुती लाल सिलिंडर, त्याला नळी, वर गोधडी, असा देखावा दिसला, तर चहा न घेता निघा.

कागद आणि सौदा

कागदांचं काम रटाळ आहे, पण लवकर आटपतं. आरसी, विमा, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलनं. जुन्या गाडीला पर्यावरण कर भरलाय का तेही बघा. पिवळ्या पाटीची गाडी घेऊन ती पांढरी करायची असेल, तर खर्च आणि हेलपाटे दोन्ही तुमच्या माथी. ते किमतीतून आधीच वजा करा.

किमतीच्या बैठकीत आजवर टिपलेलं सगळं एका दमात वाचून दाखवू नका. मालक दुखावतो आणि दुखावलेला मालक किंमत वाढवतो. एक-एक सांगा. आधी क्रॉस, मग लायनर, मग दाराचा रोलर. गंज शेवटी. “अहो, पासिंग झालेली गाडी आहे,” असं तो मध्येच म्हणेल. तेव्हा टायरवरचे चार आकडे आणि सर्टिफिकेटची तारीख शांतपणे शेजारी शेजारी ठेवावी आणि पाणी मागावं.

टोकन द्याल तेव्हा पावती घ्या. पावतीवर ‘जशी आहे तशी’ असं लिहिलेलं असतं. सहीची घाई करू नका. मागे बसा, सरकतं दार बाहेरून कुणालातरी लावायला सांगा आणि ते आतून उघडतंय का ते बघा. उघडलं नाही, तर रोलरचे आणखी पैसे तोडायचे राहिलेत.